कातळाने प्यायलेलं पाणी

माझे यजमान बोरिंगचे मिस्त्री होते. कुठे पूल, बंधारा किंवा धक्का बांधायचं ठरलं की आधी जमिनीत भोक पाडून खडक किती खाली लागतो आणि तो पक्का आहे की नाही, हे बघावं लागतं. ते काम त्यांचं. बांधकाम सुरू व्हायच्या आधीच आमचं बिऱ्हाड उठलेलं असायचं. त्यांनी तपासलेल्या जागांवर पुढे काय उभं राहिलं, ते आम्ही क्वचितच पाहिलं.

लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांच्याबरोबर गेले ती राजापूरच्या वरच्या अंगाला, एका सड्यावर. शिमगा नुकताच झाला होता. सड्याच्या कडेला एक खोल घळ होती. तिथे बंधारा घालून पाणी अडवावं, असं सरकारात कुणाच्या तरी मनात आलं होतं. घळीच्या काठावर भोकं पाडायची होती.

माझं माहेर वेळणेश्वराकडे, अगदी समुद्राच्या काठाला. वडील मचव्यावर असत. झोपताना गाज, उठताना गाज, आणि दिवसभर अंगणातून येणारीजाणारी माणसं. सड्यावर यातलं काहीच नव्हतं. जिकडे बघावं तिकडे जांभ्याचा उघडा, काळपट लाल कातळ. सावलीला झाड नाही. झापांची एक खोप आमची, आणि हाकेच्या अंतरावर दुसरी घाटावरून आलेल्या चार गड्यांची. ते मला ‘वैनी’ म्हणत आणि बोलताना मान खाली घालत. त्यांच्याशी काय बोलणार? दिवसभर वारा वाहायचा, आणि त्या वाऱ्यात तीन वाशांच्या लाकडी तिकाटण्यावरून वजनदार छिन्नी दोराने वर ओढून खाली सोडल्याचा धप्प, धप्प आवाज.

यजमान स्वभावाने वाईट नव्हते. पण वर्षानुवर्षं लोखंडाचे ठोके ऐकून त्यांचे कान अर्धे गेले होते. संध्याकाळी मी काही विचारलं की ते “हां” म्हणायचे, आणि त्या “हां”चा माझ्या प्रश्नाशी काही संबंध नसायचा. जेवण झालं की तिथेच कलंडायचे.

माझं बोलणं व्हायचं ते फक्त झऱ्यावर. सड्याच्या उतारावर, जांभा संपून चिकणमाती सुरू होते तिथून तो पाझरायचा. खाली दगडात कोरलेली एक लहान डोणी होती. तिच्यात पाणी साठलं की करवंटीने घागरीत भरायचं. खालच्या कुणबीवाडीतल्या बायका तिथे यायच्या. बहुतेकींचे नवरे मुंबईला गिरणीत. त्यांच्यात एक वयाने मोठी काकी होती, रुंद हाडाची, कपाळावर मोठं गोंदण. पहिल्या दिवशी तिनेच माझी घागर पुढे घेतली.

“कुटची गो तू, बायो?”

मी सांगितलं. समुद्राकाठची म्हटल्यावर सगळ्या हसल्या. “मग तुला पान्याची काय नवलाई!” काकी म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने मला पदराखालून मूठभर आमसुलं आणून दिली. मी मुद्दाम लहान घागर नेऊ लागले, म्हणजे दोन खेपा कराव्या लागतील.

जांभा वरून कठीण आणि आत जाळीसारखा असतो. कोरडं भोक पाडत गेलं की भुगा खाली साठतो, छिन्नी त्याच भुग्यावर आपटत राहते आणि पुढे जात नाही. वर लाल धूळ उडते ती वेगळीच. यजमानांचा खोकला तेव्हापासूनचा. भोकात पाणी ओतलं की भुग्याचा राबडा होतो आणि तो लांब नळीने उपसून काढता येतो. आधी गडी घळीतल्या डबक्याचं पाणी आणत होते. चैत्रात डबकं आटलं. मग ते कावडी घेऊन झऱ्यावर यायला लागले.

झऱ्यावर बायकांचं हसणं थांबलं.

एका सकाळी छिन्नी वर ओढून सोडली ती नेहमीच्या जागी थांबलीच नाही. दोर एकदम हातभर सरकला. “पोकळी लागली,” यजमान म्हणाले. भोकात उभं असलेलं पाणी खळकन गेलं. त्यांनी घागर ओतली, ती गेली. दुसरी ओतली, तीही गेली. गडी खाली-वर करून दमले. कातळ पाणी पीत होता आणि त्याची तहान भागत नव्हती.

“फट बुजवायला हवी,” यजमान म्हणाले. ती त्यांची नेहमीची रीत होती. गड्यांनी वाडीतून मागून भाताचं तूस आणलं, गुरांच्या मागून शेण गोळा केलं. दोन्ही मातीत कालवून भोकात सोडलं आणि वर पाणी. आज ना उद्या फट भरेल, पाणी वर दिसायला लागेल, असं ते म्हणत होते.

झऱ्यावर मी गेले की आता बायका उठून बाजूला व्हायच्या. पाणी भरून झालेलं नसलं तरी. एकीने आपल्या मुलीला माझ्यापासून ओढून घेतलं. काकी तेवढी तोंडावर बोलली.

“तुमचा तां भोक आमच्या प्वरांच्या तोंडचा पानी पितो, बायो. तुला रोज दिसता, आनि तू काय बोलत नाय.”

“मी काय बोलू, काकी? मला कोण विचारतं?”

ती घागर डोक्यावर घेऊन गेली. त्यानंतर मी भर उन्हात, झऱ्यावर कुणी नसताना पाण्याला जाऊ लागले.

त्या दिवसांत दुपारी गडी सावलीत पडले की मी भोकाशी जाऊन बसायचे. त्यातून गार वारा वर यायचा. सगळा सडा तव्यासारखा तापलेला आणि त्या वीतभर भोकातून पावसाळ्यातल्यासारखी ओली हवा. मी तळवा धरला की ती बोटांतून निघून जायची. सकाळी मात्र तेच भोक हवा आत ओढायचं. वाळलेलं पान टाकलं तर गपकन गिळायचं. यजमान म्हणाले, आत मोठी पोकळी असली की असं होतं, हवा जड-हलकी होईल तशी ती आत-बाहेर करते. मला तेवढं कळलं. तरी मी तिथे बसायचे, कारण दिवसभरात माझ्या अंगाला लागणारं असं ते एकच काही होतं.

आणि मग एका सकाळी बायका वर आल्या. आठ-दहा जणी, घागरी घेऊन, कातळावरून सरळ तिकाटण्याकडे. पुढे काकी. यजमानांनी काम थांबवलं.

“काय झालं?” त्यांनी विचारलं.

काकीने घागर कलती केली. आतून गेरू कालवल्यासारखं लाल पाणी कातळावर सांडलं.

“ह्ये बगा. झऱ्याला आज ह्ये येतंय.”

“वर कुठे माती ढासळली असेल,” यजमान म्हणाले. त्यांना नीट ऐकू आलं की नाही कोण जाणे.

काकी वाकली. कातळावर ओघळलेल्या पाण्यातून तिने बोटाने काहीतरी टिपलं आणि त्यांच्यासमोर धरलं. भाताचं तूस होतं.

“माती ढासळली तर ह्यां कुटून आला? आमच्याच उखळातला हाय ह्यां. शेनाचा वास पन येतोय पान्याला. तां प्यायचा आमी?”

यजमान तिच्याबरोबर खाली गेले. मीही मागोमाग गेले. डोणीवर तुसाची साय धरली होती. ते गुडघ्यावर बसले, ओंजळीत पाणी घेऊन हुंगलं, आणि वर कातळाच्या कडेकडे पाहिलं. सड्यावर ओतलेली प्रत्येक घागर जांभ्यातून फिरून इथेच उतरली होती.

“चूक झाली,” ते उभे राहून काकीला म्हणाले. “झरा निवळेपर्यंत वर काम बंद. पाणी माझे गडी नदीवरून आणून देतील.”

त्यांनी शब्द पाळला. नदी लांब होती, चढ उभा होता. चारही गडी कावडीने पाणी आणून वाडीच्या तोंडाशी ठेवीत. काम बंद का, हे विचारायला सरकारी साहेब आला तेव्हा यजमानांनी त्याला डोणीपाशी नेऊन दाखवलं. जिथून इतकं पाणी पळतं तिथे बंधाऱ्याचं पाणी काय ठरणार, हे त्याला सांगायची गरज पडली नाही. तरी ते भोक पुरं करायचं होतं. बंदरावरून बैलगाडीने लोखंडी नळ आले, पाणी फटीत पळू नये म्हणून ते भोकात पोकळीच्या खालपर्यंत बसवले, आणि मग पाणी नदीचं वापरलं. जांभ्याखाली पिवळी चिकणमाती लागली, तिच्याखाली काळा पाषाण. तो दिसला त्या दिवशी गड्यांनी गूळ वाटला.

झरा निवळला. आधी लाल, मग ताकासारखा, मग स्वच्छ. मी पुन्हा सकाळच्या वेळी जायला लागले. बायका मला जागा द्यायच्या, करवंटीही पुढे करायच्या. पण मी आले की बोलणं आखडायचं, आणि मी गेले की मागून पुन्हा सुरू झालेलं ऐकू यायचं. एकदा काकी एकटी भेटली.

“तुज्यावर राग नाय आमचा,” ती म्हणाली.

“मग कुणी बोलत का नाही?”

तिने घागर चुंबळीवर नीट बसवली. “तू पावसाच्या आदी जानार, बायो. आमाना हितंच ऱ्हायाचा हाय.”

ते खरं होतं. आभाळ भरून यायला लागल्यावर आम्ही निघालो. त्या दिवशी वाडीतल्या बायका शेतावर होत्या. झऱ्यावर कुणी नव्हतं.

गाडीत सामानावर बसून आम्ही उतरत होतो. काय झालं कोण जाणे, यजमान आपणहून बोलायला लागले. पहिल्यांदा कामाला गेले तेव्हा खाडीतल्या तराफ्यावर त्यांना एकट्याला राहावं लागलं होतं. भरती आली की तराफा उचलायचा आणि नळ वाकायचे. घरची इतकी आठवण यायची की ते मोठ्याने आईशी बोलत बसायचे. “कुणी ऐकायला नव्हतं, म्हणून बरं,” ते म्हणाले.

“आई काय म्हणायची?” मी विचारलं.

“हां,” ते म्हणाले, आणि भरतीचंच पुढे सांगू लागले.

मी पुन्हा विचारलं नाही. थोडी त्यांच्या अंगाशी सरकून बसले आणि राजापूर येईपर्यंत ऐकत राहिले.