सरांच्या वहीतली फुली

कापगते सरांची आणि माझी पहिली भेट गिरणीत झाली. मी तेव्हा नाकाडोंगरीजवळच्या एका राइस मिलमध्ये पोती उचलायचो. वय एकवीस, शिक्षण दहावी नापास. सर तिथल्या शाळेत गणित शिकवायचे. ते मूळचे दिघोरीचे, आणि त्या दिवशी घरच्या शेतातलं धान भरडायला घेऊन आले होते. त्यांचं पहिलं पोतं यंत्रात ओतलं तसा मी दुसऱ्या टोकाकडून ओरडलो, "गुरुजी, धान ओलं हाये. कणी होईल."

सर माझ्याजवळ आले. "न पाहता कसं सांगून राहिला तू?"

"आवाजावरून."

"बरोबर येते?"

"नेहमीच."

"नेहमीच म्हणजे कितीदा?"

असं मला तोवर कोणी विचारलं नव्हतं. सर एका पोत्यावर बसले आणि त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. पुढच्या दहा पोत्यांना मी आधी काय म्हणालो ते लिहायचं आणि मग तांदूळ हातात घेऊन पाहायचं, असं त्यांनी चालवलं. इतर गिऱ्हाइकं खोळंबली, पण गुरुजींना बोलणार कोण? शेवटी ते उठले. "दहापैकी आठ. चांगलं आहे. पण नेहमीच नाही. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर ये."

सरांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात त्यांच्या शिष्यांपैकी इंजिनिअर, तहसीलदार, प्राध्यापक अशांचे लेख आहेत. त्यांना सर वर्गात भेटले. मला सर पोत्यावर बसलेले भेटले, त्यामुळे माझ्या लेखाला भुशाचा वास येईल. वाचकांनी तो चालवून घ्यावा.

मैदानावर त्या संध्याकाळी मी बेसबॉल पहिल्यांदा पाहिला. शिक्षकांच्या कुठल्याशा शिबिरात सर हा खेळ शिकून आले होते. येताना त्यांनी दोन लाकडी बॅटी आणि चार हातमोजे आणले होते. शाळेतली पोरं, गिरणीतले आम्ही, खाणीवरचे दोघे असा मिळून एक संघ उभा राहिला. मैदानाच्या उजव्या कडेला मोहाचं झाड होतं. चेंडू त्याच्यापलीकडे गेला की लोक शिट्ट्या मारायचे. मी तो बरेचदा पलीकडे मारायचो.

सर मात्र शिट्टी मारायचे नाहीत. ते वहीत खूण करायचे. फलंदाजाने चेंडू मारून बेस, म्हणजे धावेचा ठरलेला टप्पा, गाठला की टिंब. चेंडू टाकणाऱ्या पिचरने चार चेंडू बाहेर टाकले की फलंदाजाला पहिला बेस न मारताच मिळतो, त्याला गोल. आणि समोरच्या खेळाडूच्या हातून सोपा चेंडू सुटला म्हणून फलंदाज वाचला, तर फुली. फुली ही समोरच्याची चूक, तिचं श्रेय फलंदाजाला नाही. महिन्याच्या शेवटी ते प्रत्येकाचं गणित मांडायचे : किती पाळ्या, त्यांत किती टिंबं, आणि टिंबं व गोल मिळून तो किती वेळा बेसवर पोचला.

एका सामन्यात मी तीन टिंबं मारली आणि छाती काढून सरांपुढे उभा राहिलो. "सर, आता सांगा, संघात सगळ्यांत भारी कोण?"

"एका बांधीचं पीक पाहून अख्ख्या वावराचं सांगते का कोणी? थांब जरा. अजून पाळ्या होऊ दे."

पाळ्या झाल्या. महिन्याअखेर यादीत माझ्या बरोबरीने विजूचं नाव आलं, आणि मी खवळलो. विजू म्हणजे आमचा कॅचर, फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा. तो बॅट फिरवायचाच नाही. पिचर थकेपर्यंत नुसता उभा राहायचा आणि गोल घेऊन निवांत पहिल्या बेसवर जायचा. मी त्याला खांब म्हणायचो.

"सर, हा त मारतच नाही."

"मारत नाही, पण पोचते. तू मोहावरून मारते आणि पुढं दोनदा बाद होते. लोकायच्या टाळ्या मी मोजत नाही, सुखदेव. त्या मोजल्या असत्या त तूच पहिला असता."

विजू मागून म्हणाला, "खांबाले पाय असतेत, सुक्या."

त्या वर्षी जिल्ह्याच्या संघात आमच्याकडून एकालाच घ्यायचं होतं. निवड वहीवरून, आणि बरोबरी झाली तर ज्याची टिंबं जास्त त्याची, हे सरांनी आधीच सांगितलं होतं. शेवटच्या सामन्याच्या शेवटच्या पाळीपर्यंत विजू आणि मी अगदी सारखे होतो. विजू आधी गेला आणि सवयीप्रमाणे गोल घेऊन आला. मग मी गेलो. मी बॅट फिरवली, चेंडू जमिनीवरून सरपटत दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या शॉर्टस्टॉपकडे गेला, त्याच्या दोन पायांतून मागे निघाला आणि मी बेसवर पोचलो. आमची माणसं नाचली. मी सरांकडे पाहिलं. त्यांची पेन्सिल दोनदा हलली, तिरपी. फुली.

विजू जिल्ह्याला गेला. तिथून पुढे राज्याच्या संघातही गेला. मी गिरणीत गेलो.

त्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, यादी शाळेत लागण्याआधी, सर सायकल मारत आंबागडला आमच्या घरी आले. निकाल मला दुसऱ्याच्या तोंडून कळू नये म्हणून. माझ्या आईने त्यांना चहा दिला आणि चहासोबत सुनावलंही. "गुरुजी, माह्या पोराच्या नावापुढं एक टिंब दिलं असतं त तुमचं काय गेलं असतं?"

सर म्हणाले, "बाई, मंग त्याच्या बाकीच्या टिंबांवर कोणी भरवसा ठेवला नसता."

आईला ते पटलं नाही. मलाही नाही. पण सर तेवढ्यावर थांबले नाहीत. त्याच आठवड्यापासून ते जेवणाच्या सुट्टीत गिरणीत यायला लागले. माझीच टिंबं, माझ्याच पाळ्या घेऊन त्यांनी मला अपूर्णांक आणि शेकडेवारी शिकवली. दहावीला गणितात मी पास झालो तो माझ्याच चुकांची बेरीज करून. पुढे मी स्वतःची गिरणी काढली. तिथे आजही दर पोत्यामागे कणी किती पडली याची वही आहे, आणि नवा माणूस "नेहमीच" म्हणाला की मी त्याला विचारतो, नेहमीच म्हणजे कितीदा? गडी हसतात. हा प्रश्न कुणाचा, हे त्यांना ठाऊक नाही.

एवढं मिळूनही ती फुली माझ्या मनातून गेली नाही. पस्तीस वर्षं झाली. यंत्र बंद झालं, गिरणीत शांतता पसरली की मन त्या मैदानावर जातं, मोहाकडे पाहतं. आता तिथे शाळेची नवी इमारत आहे. झाड तेवढं उभं आहे.

गेल्या महिन्यात विजूचा फोन आला. विजू या ग्रंथाचा संपादक आहे. सरांच्या वह्यांतले जुन्या खेळाडूंचे आकडे तो शेवटी तक्ता करून छापतो आहे. आम्ही दोघे सरांकडे गेलो. सरांना आता समोरचं नीट दिसत नाही. नजरेच्या मधोमध सावली आहे, कडेचं तेवढं दिसतं. तरीही ते रविवारी इमारतीमागच्या नव्या मैदानावर खुर्ची टाकून बसतात. पोरं आता मोबाइलवर आकडे भरतात. सरांनी विचारलं होतं म्हणे, "त्याच्यात मागचं खोडता येते का?" पोरं म्हणाली, येते. "मंग तेवढं बंद करा," एवढीच त्यांची तक्रार.

काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, वह्या काढून दिल्या. विजूने ते पान उघडलं आणि माझ्या कानाशी वाकला. "सुक्या, हे पाहा तुही फुली. तक्त्यात टिंब करून टाकू का? सरांले आता दिसत नाही, आणि मी काही राज्याच्या संघातून परत येत नाही."

तो हसत होता, पण त्याला ते खरंच करायचं होतं. इतकी वर्षं ती फुली त्याच्याही मनात होती, हे मला तेव्हा कळलं. आणि खरं सांगतो, मी नको म्हणालो नाही.

कान माझे तीक्ष्ण, पण सरांचेही काही कमी नाहीत. "कोणती फुली, विजू?"

विजूने सांगितलं. सर म्हणाले, "मी मैदानाच्या त्या टोकाले बसलो होतो. पोराच्या पायांतून चेंडू गेला एवढंच मले दिसलं. चुकलोही असीन. पण सुखदेव, तू त बॅटीपाशी होता. तुह्या कानाले काय वाटलं? आवाज कसा होता?"

पस्तीस वर्षांत मला हे कोणीच विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

चेंडू नीट लागला की लाकडाचा आवाज कोरडा येतो. तो मी शेकडोदा ऐकला होता. त्या दिवशी तसा आला नव्हता.

"भद्द होता, सर," मी म्हणालो. "मुठीजवळ लागला होता. ओल्या धानासारखा. तो चेंडू कोणीही धरला असता."

"तसंच असन," सर म्हणाले. "तू धावताना मान खाली घातली होती. मोहाकडं मारते तेव्हा तू मान वर करून धावते."

काकू म्हणाल्या, "चहा थंडा होऊन राहिला." आम्ही चहा प्यायलो. विजूने वही मिटली. तक्त्यात माझ्या नावापुढे फुली आहे, वाचकांनी पाहून घ्यावी. ती फुली खरी आहे आणि ती माझ्या सांगण्यावरून छापली आहे.

सर, आपण खूप जगावं, ठणठणीत राहावं आणि रविवारी त्या खुर्चीवर अशीच वही घेऊन बसावं. एखाद्या रविवारी या पोक्त माणसालाही एक पाळी द्यावी. आपल्याला चेंडू दिसला नाही तरी हरकत नाही. आवाज मी खरा सांगेन, खूण आपण करावी. मान खाली घालून धावायची वेळ आली तर तेही सांगेन. पण टिंब यावं असं मला अजून वाटतं, हेही लपवत नाही.