बर्फाखालची जमीन आणि आमचा झिरा

माझी शाळा चौथीत सुटली. चौथीचा भूगोल महाराष्ट्राच्या सीमेपाशी संपतो, त्यामुळे जगाच्या वरच्या टोकाला काय आहे ते मला टीव्हीनेच शिकवलं. तिथे ग्रीनलंड नावाचं बर्फाचं मोठं बेट आहे. हवा तापली, बर्फ वितळायला लागला, आणि खाली खनिजं आहेत म्हणे. त्यामुळे मोठमोठ्या देशांना त्या बेटाची एकदम माया आली आहे.

आमच्या घरात त्या बेटाचा निकाल रोज संध्याकाळी लागतो. हे एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यातून मोटारसायकलवर येतात, थोरले दीर मेंढरं कोंडून येतात, आणि दोघे टीव्हीसमोर बसतात. मी आत चुलीपाशी भाकरी थापते. दिरांसमोर मी बोलत नाही, त्यामुळे ऐकायला भरपूर वेळ मिळतो.

"अमेरिका म्हनती, बेट आमाला पायजे," हे सांगत होते.

दीर तापले. "लोकाच्या जागंवर डोळा! आदी आभाळ तापवायचं, बर्फ पातळ करायचा, आन् मग खालची जमीन आमची म्हनायचं. लाज कशी वाटत न्हाय?"

"तितं राहनाऱ्यास्नी कुनी इचारलं का?" हे म्हणाले.

दोघांचा इतका न्यायी स्वभाव पाहून मला भरून आलं.

होटगीच्या अलीकडे आमची वस्ती आहे आणि वस्तीखाली सरकारी पाझर तलाव. यंदा तो उन्हाळ्याच्या तोंडालाच आटला. पाणी होतं तोवर त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. तळ उघडा पडला, काळा गाळ आणि त्याखालचा मुरूम दिसला, आणि इथे आपल्या आजोबांची जमीन होती हे सगळ्यांना एका आठवड्यात आठवलं. दिरांना आठवलं, ह्यांना आठवलं, पलीकडच्या वस्तीवरच्या अण्णांनाही आठवलं. दोन्ही आजोबा एकाच जागी नांगर धरत होते म्हणायचे. भांडण कसं झालं नाही कोण जाणे.

मला त्या तळातलं एकच हवं होतं. मधोमध आमचा झिरा आहे. झिरा म्हणजे मुरमात खणलेला कमरेएवढा खड्डा, त्यात रात्रभर पाणी पाझरतं. बोअर कोरडं पडलं होतं, टँकर त्याच्या मर्जीने यायचा. पाऊस येईपर्यंत दोन्ही वस्त्यांचं पिण्याचं पाणी तेवढंच. अण्णांची सून आणि मी पहाटे तिथे बसून वाटीवाटीने घागरी भरायचो. आमच्यात हद्दीचा प्रश्न कधी आला नाही. बायकांना राजकारण कळत नाही ना.

एका रविवारी पुरुष फक्की घेऊन तळात उतरले. पांढरी रेघ मारत मारत नेली ती नेमकी झिऱ्यावरून.

"निम्मा तुमचा, निम्मा आमचा," अण्णा म्हणाले. "उद्या जेसीबी लावू. रस्त्याच्या कामाला मुरूम पायजे हाय."

तहान सगळ्यांनाच लागली होती. मी घागर भरत होते, तर अण्णांनी हाक दिली, "अक्का, लई ऊन हाय. वाईच पानी द्या की."

कुठून आवाज फुटला ठाऊक नाही. पदर पुढे ओढून मी म्हटलं, "कंच्या हद्दीतलं दिऊ, अण्णा?"

आधी सगळ्यांनी रेघेकडे पाहिलं. मग अण्णा पोट धरून हसले. दिरांनी ह्यांच्याकडे पाहिलं. "तुजी बायकू बोलती व्हय रं?"

"आज पैल्यांदाच ऐकलं," हे म्हणाले.

मग मोठ्या मनाने ठराव झाला, झिऱ्याला हात लावायचा नाही. दिरांनी स्वतः त्याच्याभोवती फक्कीचं गोल रिंगण काढलं. त्या रात्री टीव्हीवरही कोटातला एक माणूस सांगत होता, खणू, पण निसर्गाला धक्का लावणार नाही. मला वाटलं, आमच्या तळातली बातमी तिकडे पोचली की काय!

शब्द पाळला, हे सांगायला हवं. रिंगणाच्या आत जेसीबीने बोटही लावलं नाही. बाहेर मात्र खड्डे घेतले, अण्णांच्या हद्दीतला तर दोन पुरुष खोल. झिरा तसाच राहिला, गोल, देखणा आणि कोरडा. पाणी खाली अण्णांच्या खड्ड्यात उतरलं.

"न्या की अक्का, आपलंच हाय," अण्णा म्हणतात. "फकस्त आदी आमच्या सूनबाईचं भरू दे."

तिचं भरेपर्यंत मी वर उभी राहते. ती खालून माझ्याकडे बघत नाही. आम्ही आता बोलत नाही, दोघींनाही हद्द कळायला लागली आहे.

काल टीव्हीवर सांगत होते की बर्फ गेला तर जहाजांना जवळची वाट मिळेल.

"बग, फायदा बी हाय," हे मला म्हणाले आणि त्यांनी पाणी मागितलं.

मी तांब्या दिला. पाणी निवळू दिलं होतं, तरी ह्यांनी शेवटचा घोट अंगणात थुंकला. तांब्या विसळताना तळाशी बोटभर काळा गाळ निघाला. आजोबांची जमीन. आमच्या वाटणीला आली ती एवढी.