एकाच कापडाचे एकोणीस शर्ट

मंडळी, आज सकाळी सक्करदऱ्याला माझ्या माहेरी मोठी मीटिंग झाली. दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी थीम पार्कला जायचंय, चार पिढ्या मिळून एकोणीस जण. वाद एकच होता, काकूला न्यायचं की नाही. काकू ऐंशीची आहे आणि हल्ली आपल्याच गल्लीत रस्ता विसरते.

तेवढ्यात माझ्या मुलीनं मोबाईलवर फोटो दाखवला. "सगळे सारखे पिवळे टी-शर्ट घालू. गर्दीत कोणी हरवणार नाही!" तिला वाटलं, ही तिचीच आयडिया.

मला हसू आलं. लहानपणी मौद्याकडच्या आमच्या गावी जत्रा भरायची. त्याआधी काकू एकाच ताग्यातलं फुलाफुलांचं कापड आणून आम्हा आठ भावंडांचे शर्ट-फ्रॉक शिवायची.

मला भारी लाज वाटायची. "काहून वं काकू, आम्ही बँडवाले दिसतो!"

ती मशीन चालवतच म्हणायची, "दिसा ना बापा. मले दुरून दिसले पायजे तुम्ही."

आज टी-शर्टची मापं घेताना काकूला कोणी विचारलंच नाही. तीच उठून माझ्याजवळ आली.

"मले ढगळा आन. अन् पाठीवर तुह्या फोनचा नंबर लिव. आता हरवनारी मीच आहो ना."

वाद तिथंच संपला. पिवळे टी-शर्टही मी रद्द केले. पिवळा रंग काकू विसरेल, ती फुलं नाही विसरायची.

तर सांगा, नागपुरात एकोणीस शर्टांचं फुलाफुलांचं कापड एकाच ताग्यात कुठे मिळेल?