साळू सिस्टरांची अडचण

आमच्या उपकेंद्रातल्या साळू सिस्टरांना कुणी काहीही विचारलं तरी उत्तर ठरलेलं असायचं, ‘काय अडचण न्हाई.’ नळाला पाणी नाही, लसीच्या फ्रिजची वीज गेलीय, स्वतःच्या अंगात ताप आहे, तरी अडचण नाही. तालुक्याचे साहेब या उत्तरावर बेहद्द खूश. मी मात्र वैतागायचो. मी तिथलाच आरोग्यसेवक, धनाजी. सिस्टर वरिष्ठांना ‘अडचण न्हाई’ म्हणून मोकळ्या व्हायच्या आणि ती निस्तरायला मोटरसायकलवरून मी पळायचो.

मी कोरेगावकडचा, कालव्याच्या पाण्यावर वाढलेला. बदली होऊन सांगली जिल्ह्याच्या या पूर्वेकडच्या माळावर आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात परतीच्या बदलीसाठी कुणाला भेटावं याची चौकशी सुरू केली होती. सिस्टर इस्लामपूरकडच्या. माहेरी ऊस, नवरा फौजेतून निवृत्त होऊन शेतीला लागलेला. त्यांना कधीच बदली मिळाली असती. पण त्या इथल्या बायकांना शिव्या घालत आणि त्यांची बाळंतपणं करत इथेच राहिल्या. ‘गोळ्या उशाखाली ठेवून रक्त वाढतंय व्हय गं?’ असं त्या भर आठवडी बाजारात एखादीला विचारायच्या. ती लाजायची, आणि घरी जाऊन गुपचूप गोळी खायची.

एकाच ठिकाणी सिस्टर जात नव्हत्या. ओढ्यापलीकडे मेंढपाळांची वस्ती आहे. आता निम्म्यांनी डाळिंब लावलंय, बाकीच्यांची मेंढरं अजून फिरतीवर असतात. तिथल्या हरणाबाईंची थोरली सून प्रांजल तीन वर्षांमागे बाळंत झाली आणि रक्त थांबेना. सिस्टरांनी हातातले सगळे उपाय केले, गाडी बोलावली, तिचं डोकं मांडीवर घेऊन सांगलीला निघाल्या. तासगाव मागे पडलं आणि प्रांजल गेली. बाळ वाचलं, ते आजोळी वाढतंय. नंतर रीतसर चौकशी झाली. कुणाची चूक नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि ते खरं होतं. पण त्या दिवसापासून सिस्टरांनी ओढा ओलांडला नाही. वस्तीवरच्या लसीकरणाचा दिवस त्यांनी गावातल्या शाळेत आणला. कारण काय, तर रस्ता खराब. रस्ता गेल्या वर्षी डांबरी झाला, कारण तेच राहिलं.

यंदा हरणाबाईंच्या धाकट्या सुनेला, सोनियाला, दिवस गेले. आठवा लागला तरी ती तपासणीला आली नाही. सिस्टर मला धाडायच्या. मी गोळ्या द्यायचो, जेवण-झोप विचारायचो. पुरुष माणूस आणखी काय करणार? पोरगी पांढरीफटक दिसत होती, पायावर सूज होती. हरणाबाई दर वेळी माझ्या पाठीमागे बघून विचारायच्या, “सिस्टर न्हाई आल्या?” मी नाही म्हटलं की घरात निघून जायच्या. मी येऊन सांगितलं की सिस्टरांचा चेहरा उतरायचा.

“राग हाय त्यांचा,” त्या म्हणायच्या. “असनारच.”

“आवं, मग तुमी जाऊन राग काढा की. त्या पोरीला काय झालं तर?”

“तू गप रं.”

मला त्यांचा संताप यायचा. साऱ्या तालुक्याला दरडावणारी बाई एका म्हातारीला घाबरते, आणि त्यापायी एका गरोदर बाईचा जीव धोक्यात येतो, हे मला पटत नव्हतं.

अशात वरून निरोप आला. सांगलीच्या एका समाजकार्य महाविद्यालयातल्या बाई अभ्यासासाठी येणार आहेत, कर्मचाऱ्यांनी सहकार्य करावं. आता आमच्याकडे वरून कुणी येणार म्हटलं की ती तपासणीच. दुसरा अर्थ आम्हाला ठाऊक नाही. सिस्टरांनी उपकेंद्र धुऊन काढलं, दारात रांगोळी घातली, रजिस्टरं कव्हर घालून टेबलावर रचली. मी नारळ आणि शाल आणली. आशाताईंना लसींची नावं पाठ करायला लावली. आल्या त्या शिवांजली बाई, वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, स्कूटीवर, डोक्याला ओढणी गुंडाळलेल्या. आम्ही त्यांना खुर्चीत बसवून शाल पांघरली, नारळ दिला, टाळ्या वाजवल्या. त्या घामाघूम.

“अहो, मी तपासायला नाही आले,” त्या काकुळतीला येऊन म्हणाल्या. “रजिस्टर मला नकोच आहेत. आपल्या हातातला पेशंट दगावला की त्यानंतर नर्स, आरोग्यसेवक, समाजसेवक यांचं काय होतं, एवढंच मी विचारते आहे. त्यांना कोण विचारतं?”

या विषयाची तयारी आम्ही केलेली नव्हती.

शिवांजली बाईंनी संमतिपत्र वाचून दाखवलं. नाव कुठे छापणार नाही. नको वाटेल तिथे थांबता येईल. मोबाईलवर भरून घेतलेलं बोलणं पुसून टाका म्हणालात तर पुसू. असल्या कागदांवर मी आजवर बऱ्याच लोकांचे अंगठे घेतले आहेत. आपल्यावर सही करायची वेळ आल्यावर प्रथमच सगळा नीट वाचला.

आधी माझी मुलाखत झाली. मी ऐटीत बोललो, कारण माझ्या पोटात काही अडकलेलं नव्हतं. मग सिस्टरांची पाळी. त्यांनी मला उठू दिलं नाही. शिवांजली बाई म्हणाल्या, एकट्यानं बोललेलं बरं. सिस्टर म्हणाल्या, “ह्यो बसंल. ह्येला समदं ठावं हाय. न्हाईतर मी बी उठते.” तेव्हा मी कोपऱ्यात लसीच्या डब्यावर बसलो.

सुरुवातीला सिस्टरांनी तपासणीचीच उत्तरं दिली. गरोदर मातांची नोंदणी शंभर टक्के. बाळंतपणं दवाखान्यात. अडचण? काय अडचण न्हाई. शिवांजली बाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी हलकेच विचारलं, “तुमच्या समोर कुणी गेलंय?”

सिस्टरांनी प्रांजलचं सांगितलं. तेही अहवालासारखं, किती रक्त गेलं, कोणतं इंजेक्शन दिलं. मग पुढचा प्रश्न आला.

“त्यानंतर तुम्हाला कोणी आधार दिला का?”

“आमाला कोन देनार?” सिस्टर हसल्या. “दवाखान्याच्या नळाखाली लुगड्याचं रक्त धुतलं. ओल्या लुगड्यावर एसटीनं परत आले. दुसऱ्या दिवशी लसीकरन हुतं, ते केलं.” मग म्हणाल्या, “परत आले त्या सांजच्याला वस्तीवर भाकऱ्या चालल्या हुत्या. मी हितं दारात बसून बघत हुते. गावातल्या समद्या बाया गेल्या. मला बी वाटलं, आपल्याला बी कुनीतरी एक घास द्यावा.”

हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही म्हणून सांगतो. आमच्याकडे मयत झालेल्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे, भावकीतले पिठलं-भाकरी घेऊन जातात आणि दुःखातल्या माणसाला हाताने भरवतात. माणूस नको नको म्हणतं, तरी भरवतात. त्याला कडू घास म्हणतात. तो घास पोटात गेला की माणूस रडून मोकळं होतं, आणि दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागायला त्याला बळ येतं. पण तो मिळतो घरच्यांना. नर्स त्या घरची कोण?

बोलता बोलता सिस्टरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहिलं. मला वाईट वाटलं, आणि त्यांच्यावर चिडत राहिल्याची लाजही वाटली.

“पूस हे,” त्या एकदम म्हणाल्या. “पूस आदी.”

शिवांजली बाईंनी मोबाईल त्यांच्यासमोर धरला, भरलेला आवाज पुसला आणि पुसल्याचं दाखवलं. सिस्टर चकित होऊन बघत राहिल्या. सरकारी नोकरीत एकदा दिलेलं उत्तर कुणी मागे घेऊ देतं, हे त्यांना नवीन होतं. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि त्या मुलीला विचारलं, “तू सांग बाई. म्या काय करावं?”

“मला सल्ला देता येत नाही, सिस्टर. माझं काम विचारायचं आहे,” शिवांजली बाई म्हणाल्या. “पण एक विचारते. त्या घरच्यांनी ‘येऊ नका’ असं तुम्हाला कधी सांगितलं होतं का?”

सिस्टरांनी बराच विचार केला. मीही केला. इतक्या वेळा मी तिथे गेलो, पण असं कुणीच म्हटलेलं नव्हतं.

“न्हाई,” सिस्टर म्हणाल्या.

शिवांजली बाई नारळ घेऊन गेल्या, शाल मात्र त्यांनी सिस्टरांच्या खुर्चीवर ठेवली. पुढचे दोन-तीन दिवस सिस्टर कुणाला ओरडल्या नाहीत. आशाताई घाबरल्या, सिस्टर आजारी आहेत की काय म्हणून मला विचारायला आल्या. मग एका सकाळी सिस्टर हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी घेऊन आल्या. दुसऱ्या हातात तपासणीची पिशवी.

“गाडी काढ.”

“कुठं जायचं?”

“ओढ्यापल्याड.”

फडक्यातून गरम भाकरीचा वास येत होता. मी गाडीला किक मारली. ओढ्यावर पोचल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात दाबला, मी गाडी थांबवली. “धनाजी, त्यांनी भाकरी घेतली न्हाई तर?” मी म्हटलं, “तर मी खातो. सकाळपासनं उपाशीच हाय.” त्यांनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला. मग आम्ही पुढे निघालो.

वस्तीवर मेंढरं चरायला गेली होती. हरणाबाई अंगणात लोकर पिंजत बसल्या होत्या. कुत्री भुंकली तशी त्यांनी मान वर केली. आधी सिस्टरांकडे बघितलं, मग फडक्याकडे. हात थांबला. सिस्टर अंगणाच्या कडेलाच उभ्या राहिल्या, पुढे पाऊल टाकायचं त्यांना धाडस होईना. मला वाटलं, आता म्हातारी घरात जाणार.

“आलीस व्हय गं?” हरणाबाई म्हणाल्या. “लय वाट बघाय लावलीस.”

“मला वाटलं, तुमी दारात हुबं करनार न्हाई.”

“आनि आमाला वाटलं, सिस्टर आता मोठं मानूस, गरिबाच्या दुःखाला कशाला येतील? समदा गाव येऊन गेला. एक तू आली न्हाईस. दुःखाच्या घरानं लोकांकडं जायचं नसतंय, लोकांनी यायचं असतंय. जी बाई आमाला भेटाय आली न्हाई, तिच्या दारात पोटुशी सून कशी धाडू?”

“माझ्या हातात गेली वो ती,” सिस्टर कशाबशा म्हणाल्या. “मला वाचवता न्हाई आली.”

“ठावं हाय की.” हरणाबाई उठल्या, त्यांनी सिस्टरांचा हात धरून त्यांना ओट्यावर बसवलं. “शेवटपातुर तिचं डोस्कं तुझ्या मांडीवर हुतं. माझ्या न्हाई, तिच्या आयच्या न्हाई, तुझ्या. मी त्या येळंला हितं पानी तापवत बसले हुते. मग तुला परकी कशी म्हनू?”

सिस्टरांनी फडकं सोडून पुढे केलं. रीतीप्रमाणे आणणाऱ्याने भरवायचं असतं. सिस्टरांनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, पण घास धरलेला हात अर्ध्यावरच राहिला. हरणाबाईंनी तो घास त्यांच्या हातातून काढून घेतला आणि त्यांच्याच तोंडात घातला.

“खा. तुझा ऱ्हायला हुता.”

सिस्टर मोठ्याने रडल्या. पोटातून, गावातल्या बाया मयताला रडतात तशा. हरणाबाईही रडल्या. मी गाडीकडे तोंड करून उभा राहिलो आणि मीही रडलो, लपवायचं काय त्यात. मग सिस्टरांनी हरणाबाईंना घास दिला. हरणाबाईंनी मला हाक मारून माझ्याही हातावर भाकरी ठेवली.

“सोने, ये गं भाईर,” हरणाबाईंनी आवाज दिला. “सिस्टर आल्यात.”

सोनिया पोट सावरत दारात आली. सिस्टरांनी डोळे पुसले, पिशवी उघडली आणि तिच्या पायाची सूज बोटाने दाबून बघितली. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेतला. तो वाढलेला होता. सिस्टरांचा जुना आवाज परत आला, “गोळ्या कुटं हायत? उशाखाली? आनि एवढी सूज घिऊन घरात बसलीस व्हय? आजच्या आज सांगलीला जायचं. धनाजी, गाडी बोलव.”

“ह्या बारीला मी बी बसनार गाडीत,” हरणाबाई म्हणाल्या. “तुला एकलीला न्हाई सोडनार.”

सोनियाला सांगलीच्या दवाखान्यात ठेवून घेतलं. रक्तदाब उतरू लागला, डॉक्टरांनी काळजीचं कारण नाही असं सांगितलं. हरणाबाई तिच्या उशाशी बसल्या. आम्ही व्हरांड्यात चहा घेत होतो, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, “त्या पोरीला फोन लाव.”

मी शिवांजली बाईंना फोन लावून दिला.

“बाई, मी हितं सांगलीतच हाय,” सिस्टर म्हणाल्या. “तुझं ते पुसलेलं पुन्ना घेता येतंय का? पयल्यापासनं विचार. नाव बी लिव्ह म्हनलं तरी काय अडचण न्हाई.”

पलीकडून शिवांजली बाई काहीतरी समजावत होत्या, बहुतेक नाव लिहिता येणार नाही असं.

“बरं, नको लिहू,” सिस्टर म्हणाल्या. “पन त्यो मागचा सवाल तेवढा इसरू नगंस. आधार कुनी दिला, म्हनून. त्या दिवशी त्येला उत्तर नव्हतं माझ्यापाशी.”