फोटोच्या कडेला उभा होता तो

"ह्यो माझा पोर नाय," म्हणून तिनं फ्रेम काउंटरवर पालथी घातली.

माझं टाळकंच सरकलं. इतकी वर्षं पोलादपूरच्या बाजारात स्टुडिओ चालवतोय, गेलेल्या माणसांचे फोटो मोठे करून देणं हे तर माझं नेहमीचं काम. तिचा मुलगा बिरवाडीला खोली घेऊन राहायचा, एका कारखान्यात कामाला होता. तिथल्या आगीत गेला, मोबाइलही त्याच्याबरोबर जळाला. घरादाराचे फोटो तोच काढायचा, त्यामुळे त्याचा स्वतःचा फोटो कुणाकडेच नव्हता. आधार कार्डावर तर माणूस स्वतःलाच ओळखत नाही. शेवटी त्याच्या चुलतबहिणीच्या लग्नात मी काढलेला सगळ्या भावकीचा फोटो सापडला. त्यात हा पार डाव्या कडेला उभा. तेवढाच चेहरा कापून मी मोठा केला. दुसऱ्या दिवशी बारावं होतं.

"काकी, कॅमेरा खोटं बोलत नाही," मी जरा चढ्या आवाजातच म्हणालो. "दुःखात असं वाटतं माणसाला."

"त्याचं त्वांड येवढं रुंद कुठं व्हतं रे? निमुळतं व्हतं. बापावानी."

ती बाकड्यावर बसून राहिली. उठेचना. मग झक मारत मी कॉम्प्युटर लावला आणि महाडच्या एका फोटोग्राफर मित्राला फोन केला. तो ऐकून घेऊन एवढंच म्हणाला, "लेन्स करेक्शन चालू होतं का तुझं?"

होतं. भावकीच्या फोटोला रुंद लेन्स लावावी लागते, तिच्यात हॉलचे खांब वाकडे येतात आणि गिऱ्हाईक बोंबलतं. म्हणून कॅमेऱ्यातच ते करेक्शन मी कायमचं चालू ठेवलेलं. कॅमेरा खांब सरळ करतो, पण त्यासाठी चित्राच्या कडा बाहेर ओढतो. कडेच्या माणसांचे गाल त्यात ओढले जातात. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण नवरा-नवरी मधे उभे असतात, कडेच्यांकडे बघतो कोण?

"मग रॉ फाइल उघड की, मूळची कच्ची," मित्र म्हणाला. "रॉला कॅमेरा हात लावत नाही."

"लावतो. मी रॉ आणि तयार फोटो दोन्ही शेजारी ठेवून बघितलंय, रॉमध्येही खांब सरळच दिसतात."

"अरे येड्या, रॉसोबत नुसती चिठ्ठी असते, असं असं सरळ करा म्हणून. तुझा कॉम्प्युटर ती वाचून सरळ करून दाखवतो. ते बंद कर, मूळचं तसंच्या तसं आहे आत."

हाताशी गेल्या आठवड्यातल्या दुसऱ्याच एका लग्नाची रॉ फाइल होती. तो सांगेल तिथली करेक्शनची खूण काढली. खांब वाकले, आणि कडेला उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत निमुळता झाला.

पण भावकीच्या त्या फोटोची रॉ फाइल उरलीच नव्हती. आमची रीत अशी, की अल्बम घरी पोचला की रॉ फाइली पुसून टाकायच्या. दोन्ही सारखेच दिसतात तर जागा कशाला अडवायची? त्याचा खरा चेहरा माझ्याकडे होता. मीच तो माझ्या हातानं पुसला होता.

हे तिला सांगायची छाती झाली नाही. म्हणालो, "काकी, तुमचं बरोबर आहे. इथं बसा, आपण नीट करू."

तिला शेजारी बसवून मी पडद्यावर त्याचा चेहरा दोन्ही बाजूंनी आत दाबायला लागलो. "असा?" "नाय, येवढा बारीक नाय." "असा?" "हनवटी... हां. नाय, नाय." दहा झाले, पंधरा झाले. डोळे जवळ आणले, कपाळ आवळलं. तिचं हो-नाही हळूहळू कमी होत गेलं. मी पुन्हा विचारलं, "असा होता का?"

वळून बघितलं तर ती तोंडात पदर कोंबून बसली होती.

"काय झालं?"

"मगाशी डोळे मिटले की दिसायचा रे," ती म्हणाली. "आता डोळे मिटले तरी ह्ये पडद्यावरचेच दिसत्यात."

मी माऊस सोडला. ती उठली, काउंटरवरची पालथी फ्रेम उचलून पदरानं पुसली आणि काखेत धरून निघाली. मी म्हणालो, काकी, तो चुकीचा आहे.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आता कोन सांगनार हाय चुकीचा म्हनून?"