वहिनी पहिल्या रांगेत होत्या

फौजेतली माझी शेवटची दोन वर्षं ट्रेनिंग सेंटरला गेली, इन्स्ट्रक्टर म्हणून. आवाज असा की ग्राउंडच्या त्या टोकाचा जवान सावधान व्हायचा. या आवाजाची मला लई घमेंड होती.

पेन्शनवर आल्यावर सोनईजवळच्या आमच्या वस्तीवर सीपीआरचा, म्हणजे बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबायचा, क्लास घेतला. रविवार, सकाळी दहा, शाळेची पडवी. तोंडाने श्वास द्यायचा नाही, नुसते हात. माणूस कोसळला, हलवून उठत नाही, श्वास नीट नाही, तर १०८ ला फोन. मग छातीच्या मधोमध तळहात, जोरात, भरभर, मदत येईपर्यंत. मी सरावाच्या रबरी पुतळ्याकडे, डमीकडे तोंड आणि लोकांकडे पाठ करून ओरडत होतो, "एक! दोन! तीन!"

माझा बडी, फौजेतला जोडीदार नाईक रावसाहेब, बायकोला घेऊन आला होता. एका बंकरमध्ये आम्ही तीन हिवाळे काढलेले. वहिनींना जन्मापासून ऐकू येत नाही. त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

"हिला डमीवर हात ठेवू दे की. डोळं लई तेज हायेत हिचं."

"वेळ नाही. तू शिक, घरी तिला दाखव."

"येस, उस्ताद!" त्याने हसत सॅल्यूट ठोकला.

पडणारा तोच असेल, हे माझ्या टाळक्यात आलं नाही.

दोन महिन्यांनी, सकाळी सहा चाळीसला, वहिनींनी माझं दार बडवलं. दोन शेतं तुडवत पळत आल्या होत्या. फोनवर बोलणार कशा? मी १०८ लावत धावलो. रावसाहेब गोठ्यासमोर पडलेला. तोंडावर पाणी मारलेलं, तळपाय चोळलेले. वहिनींना ठाऊक होतं तेवढं त्यांनी केलं होतं. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत मी दाबत राहिलो. डॉक्टर म्हणाले, पहिली मिनिटं वाया गेली. ती मिनिटं मी घालवली.

दहावा झाल्यावर मी डमी घेऊन त्यांच्या अंगणात गेलो. समोर बसून करून दाखवलं. मग त्यांचे हात डमीवर, आणि माझे ठोके त्यांच्या खांद्यावर. एका मिनिटात ताल बसला. त्या रविवारी एवढंच मिनिट मी दिलं नव्हतं. त्यांच्या मोबाईलमध्ये मदतीचा मेसेजही लिहून ठेवला. बटण दाबलं की शेजारच्या चार घरी जाईल.

मी हात वर करून थांबायला सांगितलं. वहिनींनी पाहिलं, पण थांबल्या नाहीत. घाम डमीवर टपटपत होता, त्या दाबतच राहिल्या.

रावसाहेब, ठेवू दिले रे हात. तू गेल्यावर.