शेवट आधी सांगणारे नाना

गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला कळवलं की काशिनाथ बोरसे सरांवर, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या नानांवर, ‘शिष्य या नात्याने’ लेख द्यावा. आधी हे दुरुस्त करतो. मी नानांचा शिष्य नाही. मी कुणाचाच शिष्य नाही. संगणकावर चित्र हलवायला मी चोपड्यात एका फ्लेक्सच्या दुकानात, गिऱ्हाईक नसेल तेव्हा, चुकत चुकत आपलं आपण शिकलो. नानांकडून जे घेतलं ते भांडून घेतलं आणि त्यातलं निम्मं मला आजही मान्य नाही. पंच्याहत्तरीच्या ग्रंथात असं लिहू नये असं कुणी म्हणेल. नाना म्हणणार नाहीत.

पहिली ओळखच भांडणाने झाली. नाना तेव्हा धुळ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवत आणि शाळेच्याच सभागृहात महिन्यातून एका रविवारी दुपारी चित्रमंडळ भरवत. खिडक्यांना काळं कापड, पुढे सतरंज्या, मागे खुर्च्या. अंतराळयानांचा एक मोठा विदेशी चित्रपट दाखवणार असं कळल्यावर मी चोपड्याहून अंमळनेरमार्गे एस.टी.ने गेलो. त्यातली यानं कशी केली असतील एवढंच मला बघायचं होतं. पडद्यापुढे पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टात एक गृहस्थ उभे राहिले आणि शांतपणे चित्रपटाची सगळी गोष्ट सांगू लागले. मला वाटलं, प्रस्तावना असेल. ते थांबेनात. नायक कुठे अडकतो, कोण दगा देतो, आणि शेवटी तो परत येत नाही, हेसुद्धा त्यांनी सांगून टाकलं.

मी उभा राहिलो. “अहो सर, शेवट काय सांगता? आम्ही इतक्या लांबून येतो!”

नानांनी चष्मा वर सरकवला. “कुठून आलात?”

“चोपडा.”

“लग्नाला जाता ना तुम्ही? नवरा कोण, नवरी कोण, सगळं पत्रिकेत छापलेलं असतं. तरी जाता. जेवून येता.”

सभागृह हसलं. मी बसलो नाही. “लग्नात जेवण असतं.”

“इथेही आहे,” ते पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले. “शेवट कळल्यावर जे फिकं पडतं ते पाहायच्या लायकीचं नव्हतं, असं समजा. बसा आता.”

ही मंडळाची रीत. आजतागायत बदललेली नाही. चित्रपट कुठलाही असो, नाना आधी उभे राहून त्याची गोष्ट शेवटासकट सांगतात आणि मगच दिवे मालवले जातात. नवे सभासद चिडतात. काही जण सुरुवातीची पाच मिनिटं बाहेर उभे राहतात. नाना मुद्दाम आवाज चढवतात.

आमच्या वादाचा विषय गेली कित्येक वर्षं एकच आहे. डोळे दिपवणाऱ्या विज्ञानपटाला स्वतःची, नवी गोष्ट लागते की नाही? मी म्हणतो, लागते. नाना म्हणतात, लागत नाही. त्यांचं गाव धुळ्याजवळचं. तिथल्या उत्सवात मुखवटे घालून येणाऱ्या सोंगांचा दाखला ते प्रत्येक वेळी देतात. “नरसिंहाचं सोंग येतं तेव्हा पुढे काय होणार हे सगळ्या गावाले, बठ्ठासले माहीत शे. तरी तो मुखवटा आला की पोरं आईच्या मागे लपतात. नवी गोष्ट कुणी मागितली आहे का तिथे?”

या दाखल्याने मला अक्षरशः वीट आणला आहे. सोंगाचा मुखवटा दरवर्षी तोच असतो आणि तो तसाच असावा अशी गावाची इच्छा असते. या चित्रपटवाल्यांचं तसं नाही. ते दर खेपेला यान आणखी मोठं करतात, शहर आणखी बारकाईने पाडतात, आणि गोष्ट मात्र कपाटातून तीच काढतात: पृथ्वी धोक्यात, बाप-लेकीचं बोलणं बंद, आणि शेवटी कुणीतरी एक बटण दाबायचं. हजारो माणसांनी रात्रंदिवस रंगवलेलं आकाश, आणि त्याखाली हे! सुगरणीने पुरणपोळी करावी आणि आत पुरणच नसावं. हे मी नानांना सांगितलं. ते म्हणाले, “मग मांडे खा. मांड्यात काय असतं? पण परातीएवढा मांडा हातावर वाढताना बघायला लोक स्वयंपाकघरात गोळा होतातच ना?” यावर मला उत्तर सुचलं ते बसमध्ये, परतीच्या वाटेवर. उत्तम उत्तर होतं. मांड्यातही पुरण असतं, खानदेशात तरी असतंच, आणि नानांना हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

एका चित्रपटात ग्रहावर दोन सूर्य होते आणि माणसाला सावली एकच. विज्ञान शिकवलेल्या माणसाने अशा वेळी माझ्या बाजूने यायला नको का? नाना म्हणाले, “ते मीही पाहिलं. पण अरे भगवान, तू पाहिलंस ना, दुसरा सूर्य काय सुरेख मावळला!” अशा माणसाशी वाद घालणं म्हणजे काय असतं ते मी वर्षानुवर्षं भोगतो आहे.

याच नानांची दुसरी एक शिस्त मात्र मी कुणापुढेही मान तुकवून सांगतो. चित्रपट संपला की ते दार उघडू देत नाहीत. शेवटची श्रेयनामावली, लांबच लांब, अगदी शेवटच्या नावापर्यंत जाऊ द्यायची. उन्हाळ्यात लोकांचे सदरे पाठीला चिकटलेले असतात, कुणाला बस गाठायची असते. नाना दाराला पाठ लावून उभे. “एवढ्या लोकांनी तुमच्यासाठी धूळ रंगवली, पाणी रंगवलं. त्यांची नावं तरी बघा.” माझ्यासारख्या, धूळ रंगवून पोट भरणाऱ्या माणसाच्या बाजूने जन्मात पहिल्यांदा कुणी असं दाराशी उभं राहिलं होतं.

निवृत्तीनंतर नाना जळगावला पिंप्राळ्यात राहायला आले. मीही तोवर तिथेच लग्नाच्या व्हिडिओंचं आणि फ्लेक्सचं दुकान टाकलं होतं. मंडळ कॉलनीच्या सभागृहात पुन्हा सुरू झालं. त्याच सुमारास मी माझा स्वतःचा चित्रपट हाती घेतला. अहिराणी बोलीत, अर्ध्या तासाचा, सातपुड्याखाली केळीच्या बागेत यान उतरतं असा. गोष्ट माझी, चित्रण माझं, संगणकावरचं काम माझं. यानाच्या झोताने केळीची पानं फाटतात ती मी एकेक फाडली आहेत. केळीचं पान वाऱ्यात कसंही फाटत नाही. कडेपासून मधल्या दांड्यापर्यंत सरळ चिरत जातं आणि त्याची झालर होते. हे पडद्यावर पाहून कुणी म्हटलं की “छान आहे”, तर मला राग येतो. छान नाही, बरोबर आहे.

संगणकाला ही दृश्यं तयार करायला दिवसचे दिवस लागत आणि माझ्याकडे वीज टिकत नसे. नानांनी एके दिवशी रिक्षा पाठवली आणि माझा संगणक स्वतःच्या घरी नेऊन इन्व्हर्टरला जोडला. जळगावचा मे महिना. संगणक तापून बंद पडू लागला, तेव्हा नानांनी घरातला एकुलता कूलर त्याच्यासमोर लावला आणि स्वतः पुठ्ठ्याने वारा घेत बसले. नानांच्या पत्नी, आमच्या अक्का, लिंबाचं सरबत घेऊन आल्या की दारातूनच म्हणत, “मशीनले कूलर, अन् माले घाम. बठ्ठा न्याव उलटा शे!” पण कूलरमध्ये पाणी त्याच भरत.

चित्रपट पूर्ण झाला. मंडळात दाखवायचं ठरलं. मी नानांना हात जोडून सांगितलं, “नाना, एवढ्या एका चित्रपटाचा शेवट सांगू नका. ही गोष्ट जगात कुणी सांगितलेली नाही.” गोष्ट अशी होती: बागेत राहणारी एक म्हातारी असते. यान उतरतं, सगळे पळतात, ती पळत नाही. यानातून एक तरुण उतरतो. तो तिचा भाऊ असतो. इतक्या वेगाने आणि इतका लांब गेलेला, की त्याचं वय तिथेच राहिलं आणि बहीण मात्र म्हातारी झाली. हा शेवट मी कित्येक महिने उराशी धरून ठेवला होता. घरात बायकोलासुद्धा सांगितला नव्हता. संगणक नानांच्या घरी होता म्हणून त्यांनी तेवढा पाहिला होता.

रविवार आला. सभागृह भरलं, अक्कांनी कॉलनीतल्या सगळ्या बायकांना बोलावलं होतं. नाना उभे राहिले आणि त्यांनी शेवट सांगितला. जसाच्या तसा. वर म्हणाले, “ही गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. आखाजीला बहिणीला न्यायला भाऊ मुऱ्हाळी येतो, आणि ती झोक्यावर बसून त्याची वाट बघते. तुम्ही गाणी म्हणता ना? तीच ही. या वेळी मुऱ्हाळ्याला यायला उशीर झाला, एवढंच.”

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ज्या गोष्टीला मी जगात पहिली म्हणत होतो, ती आमच्याकडे दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर म्हटली जाते, हे या गृहस्थांनी दिवे मालवायच्या आधी सगळ्यांना सांगून टाकलं! मी दाराकडे निघालो. तोवर दिवे मालवले होते आणि दार लावून घेतलं होतं.

म्हणून मला मागे उभं राहून पाहावं लागलं. यान उतरलं, पानांच्या झालरी झाल्या, कुणी “अगं बाई!” म्हटलं. त्याची मला सवय आहे. पण यानाचं दार उघडायच्या कितीतरी आधी, म्हातारी नुसती डोक्यावरचा पदर सावरत होती तेव्हा, पुढच्या सतरंजीवरच्या बायका डोळे पुसायला लागल्या. ते दृश्य मी केवळ जागा भरायला ठेवलं होतं. शेवट माहीत नसता तर तिथे कुणाच्या डोळ्यांत पाणी येण्याचं कारणच नव्हतं. बाहेर पडताना एक आजी म्हणाल्या, “भाऊ येवाना शे, हाई माहीत व्हतं, तरी डोया भरी उनात.”

मी नानांना तेव्हाही सांगितलं आणि आता छापून सांगतो: याने त्यांचं म्हणणं सिद्ध होत नाही. बायका रडल्या त्या गोष्टीसाठी, यानासाठी नाही. म्हणजे गोष्ट लागतेच! नाना म्हणाले, “लागते. पण नवी कुठे लागली?” आमचं तिथेच अडलं आहे.

त्या दिवशीही श्रेयनामावली संपेपर्यंत कुणाला सोडलं नाही. सगळीकडे माझंच नाव होतं, आणि नानांनी ते एकेक ओळ मोठ्याने वाचलं. “लेखन, भगवान. छायांकन, भगवान. संकलन, भगवान. केळीची पानं, भगवान.” लोक हसत होते. नाना हसत नव्हते.

पुढे एका रविवारी असाच एक चित्रपट संपला, नावं सरकू लागली, आणि दाराशी उभ्या नानांनी मला हळूच विचारलं, “आता कोणाचं नाव आलं?” मला वाटलं, थट्टा. नावं हातभर अक्षरांत होती. डॉक्टरांकडे गेल्यावर कळलं की नजरेच्या मधोमधचं दिसणं विरत चाललं आहे. कडेचं दिसतं, समोरचं धूसर. बरं होणार नाही, फार तर सावकाश वाढेल. नानांनी मला हे सांगितलं ते तापमान सांगावं तसं.

ज्या माणसाने जन्मभर ‘गोष्ट जुनी चालेल, दृश्य हवं’ म्हणून माझं डोकं खाल्लं, त्याचंच दृश्य जावं, याचा राग मी कुणावर काढायचा?

आता मी त्यांच्या शेजारी बसतो आणि कानात सांगतो. पहिल्यांदा बसलो तेव्हा मला वाटलं, चला, आता तरी यांना गोष्टीची किंमत कळेल. मी सांगू लागलो, “तो आता बापाला भेटतोय, बाप ओळख देत नाही—”

नानांनी माझं मनगट दाबलं. “गोट माले माहीत शे. मीच सांगितली ना मघाशी? यान कसं उतरस ते सांग.”

दृश्य शब्दांत सांगणं किती कठीण असतं! “मोठं आहे”, “चकाकतं आहे” म्हटलं की नाना खेकसतात. “किती मोठं? पिंप्राळ्याच्या पाण्याच्या टाकीएवढं? उजेड कुठून पडतोय? धूळ आधी उडते की आवाज आधी येतो?” पुष्कळ वेळा पडद्यावर सांगण्यासारखं काहीच नसतं, नुसता लखलखाट असतो. मग मी गप्प बसतो आणि नानांना कळतं. “हं. मुखवटा चांगला नाही,” ते म्हणतात. माझ्या स्वतःच्या कामातली किती दृश्यं अशी गप्प बसायला लावतील, ते तपासायला मी घरी जाऊन बसलो. बरीच निघाली. ती काढून टाकली.

गौरवसमारंभाच्या दिवशी माझा नवा चित्रपट दाखवायचा आहे. नाना गेले काही आठवडे त्याची गोष्ट मागत आहेत, आधी सभेला सांगायची म्हणून. हा ग्रंथ अक्काच त्यांना वाचून दाखवणार, म्हणून अक्कांना विनंती, पुढचा परिच्छेद गाळावा.

नाना खुर्चीत, कडेच्या नजरेत पडदा यावा म्हणून, मान वाकडी करून बसत नाहीत. सगळे बसतात तसे, पडद्याच्या मध्यावर सरळ नजर ठेवून बसतात. हा त्यांचा ताठा. तेव्हा या चित्रपटात यान मध्यावर उतरत नाही. डाव्या कडेने येतं, कडेलाच उतरतं, उजेड उजव्या कडेवर पडतो, आणि मध्ये बराच वेळ नुसतं आभाळ आहे. ज्यांनी पाहिलं ते म्हणाले, “भगवानभाऊ, मांडणी चुकली का?” चुकलेली नाही. एकेक चौकट मोजून केली आहे.

अक्का, इथून पुन्हा वाचा. नाना, या वेळचा शेवट मी तुम्हाला सांगणार नाही. हवं तर सभेपुढे उभे राहून तसं सांगा. तुमची प्रकृती ठणठणीत राहो, अक्कांच्या वाट्याला कूलर येवो, आणि पुढच्या कितीतरी आखाज्यांना तुम्ही दाराला पाठ लावून उभे असा. नावं मी वाचीन. वाद मिटलेला नाही, आणि तो मिटवायची मला मुळीच घाई नाही.